जानूमामाचा पहिला घास

कडूकंदाची टोपली ओढ्यातून मी काढली होती. जानूमामाने नाही.

एवढं एक वाक्य मी त्या दिवाळीत मामाच्या ओट्यावर उभं राहून बोललो असतो, तर सासरे आजारी पडायचे ते पडलेच असते, पण मामा आमच्या नात्यातून उठला नसता. मी बोललो नाही. उलट जे बोललो ते गप्प बसण्याहून वाईट होतं. ते पुढे येईल. आधी मामा कसा होता ते सांगायला हवं, कारण माझ्या मुलीला तो फक्त ‘विषारी कंद खाऊ घालणारे आजोबा’ म्हणून आठवत होता, आणि ही ओळख त्याला मी दिलेली आहे.

जानूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याचं गाव डोळखांबच्या पुढे, डोंगराला पाठ टेकून बसलेलं. थोडी भातशेती, उतारावर नाचणी, दोन बैल. मूलबाळ नव्हतं. शेतीची कामं उरकली की मामा पाहुणा व्हायचा. कोणाला नोकरी असते, कोणाला दुकान असतं, तसं मामाला पाहुणेपण होतं. दिवाळीत आमच्याकडे मुरबाडला, मे महिन्यात वैशाखऱ्याला मावशीकडे, मग फिरत फिरत जिथे जिथे आमच्या रक्ताचं कोणी असेल तिथे. येणार म्हणून कधी कळवायचा नाही. हातात मोबाइल आल्यावरही नाही. कळवून येतो तो सरकारी माणूस, असं त्याचं म्हणणं.

दाराशी आला की चपला काढून त्यांची तोंडं रस्त्याकडे फिरवून ठेवायचा. आई रागवायची, आला नाहीस तोच जायची तयारी का, म्हणून. तो म्हणायचा, “ताय, पाव्हण्याच्या चपला घरात तोंड करून बसल्या का घरवाल्याच्या पोटात गोळा येतो. तुला बरं वाटावं म्हणून फिरवतो गो.” आणि मग चांगला आठवडाभर मुक्काम ठोकायचा.

पुढच्या खोलीत तो बसायचाच नाही. हिरव्या नायलॉनची एक पिशवी घेऊन थेट मागच्या दाराने स्वयंपाकघरात. पिशवीत सागाच्या पानांत बांधलेल्या पुड्या. त्यात काय आहे ते सांगायचा नाही. कधी बांबूचे कोंब असायचे, कधी शेतातले खेकडे, कधी रानातली कुठलीशी पालेभाजी, जी शिजल्यावर अंगठ्याएवढी उरायची. “नाव मागाहून. आधी चव,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. नाव आधी कळलं की जीभ घाबरते, असं त्याचं शास्त्र होतं.

पण त्याचा एक नियम होता आणि त्यात तो कोणाचं ऐकायचा नाही. रानातलं जे काही तो आणायचा, त्याचा पहिला घास त्याचा. सगळी पानं वाढून झाली तरी कोणी हात लावायचा नाही. मामा एक घास खायचा, मग चंची काढून तळहातावर तंबाखू मळत बसायचा. आम्ही पोरं ताटाकडे बघत ताटकळायचो. वडील घड्याळाकडे बघायचे. तंबाखू मळून झाली, चिमूट गालात गेली, की मामा म्हणायचा, “हां. खा आता.” हे त्याला पाड्यावरच्या एका म्हातारीने शिकवलं होतं. ती त्याची कोणी नव्हती, पण तो तिला आये म्हणायचा. रानातलं वाढायचं तर वाढणाऱ्याने आधी खायचं, आणि आपल्या पोटाला विचारायला थोडा वेळ द्यायचा. आम्हाला तेव्हा तो तमाशा वाटायचा.

मामा गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या घरी जेवताना तो तोंड आवरायचा नाही. मावशीच्या आमटीला एकदा असं काही बोलला की ती चुलीशी बसून रडली. माझं लग्न झालं, सुजाता जुन्नरकडची. तिने पहिल्या सणाला हौसेने केलेली पुरणपोळी खाऊन मामा म्हणाला, “गुळाची चपाती चांगली झाली.” सुजाता ते विसरली नाही. बिस्किटांवर तर त्याचा विशेष राग. कोणाकडे जाताना हातात बिस्किटाचा पुडा घेणारा माणूस दिसला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. “बिस्कूट कुठं नेतात? जिथं आपली ओळख नाय तिथं. मला काय आवडतं ते तुला ठाऊक नाय, तुला काय आवडतं ते मला ठाऊक नाय, मग घे बिस्कूट.”

दुसऱ्याचं अनोळखी खाणं मात्र तो कधी नाकारायचा नाही. माझ्या मुलीच्या, स्वराच्या एका वाढदिवसाला आम्ही बाहेरून नूडल्स मागवले होते. मामा नेमका आलेला. त्याने ते आधी पुष्कळ वेळ उचलून उचलून पाहिले. मग म्हणाला, हे पण कुठल्या तरी रानातलंच असणार, पहिला घास माझा. खाल्ला. तंबाखू मळली. सगळी पोरं हसून लोळत होती. मामा गंभीरपणे म्हणाला, “खा. कोणी मरणार नाय. पण जगावं असंही यात काय दिसत नाय.” नंतर दोन वाट्या त्यानेच संपवल्या.

आणि शेवळ्यांची गोष्ट. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर आमच्याकडे रानात उगवतो तो लांबुडका कोंब. त्याच्या भाजीत काकडाची आंबट फळं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजून माणूस वेडा होतो. एका वर्षी वैशाखऱ्याला मावशीकडे मामाने स्वतः शेवळ्याची भाजी केली आणि गप्पांच्या नादात काकडं पिशवीतच राहिली. पहिला घास त्याने खाल्ला, पण त्याचा घसा तंबाखूने आधीच मेलेला. त्याला काही कळलं नाही. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा सगळं घर खाकरत होतं. मावशीचे यजमान तर अंगणात जाऊन चिंच चघळत नाचत होते. मामाने पिशवी उलटी केली, काकडं जमिनीवर पडली, आणि तो स्वतःच्या थोबाडीत मारून घेत हसत सुटला. पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक घरी जाऊन तो ही गोष्ट स्वतःच सांगायचा. “माझ्या हातनं चूक झाली. काकडं विसरलो ना मी.” ऐकणाऱ्याला आधीच पाठ असली तरी सांगायचा. स्वतःची चूक चारचौघांत सांगायला त्याला काही वाटायचं नाही. मला ही गोष्ट आता आठवते तेव्हा हसू येत नाही. ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून पुढे माझ्या खोट्यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसला.

त्या दिवाळीत माझे सासरे आणि मेहुणा अविनाश जुन्नरहून माळशेज उतरून आमच्याकडे आले. सासरे निवृत्त शिक्षक, सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, त्यांचा जीव रमावा म्हणून सुजातानेच बोलावलं होतं. मी त्यांना मामाच्या गावी न्यायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. सासरवाडीच्या लोकांनी द्राक्षबागा दाखवल्या होत्या, गणपती दाखवले होते. माझ्याकडे दाखवण्यासारखं काय होतं? डोंगर होता आणि मामा होता. गाडीत मी कडूकंदाचं इतकं वर्णन केलं की सासरे म्हणाले, आता तो खाल्ल्याशिवाय परतायचं नाही.

कडूकंद नुसता उकडून खाता येत नाही. तो अंगचाच विषारी. राख घालून उकडायचा, गोगलगायीच्या शंखाच्या धारेने पातळ चकत्या काढायच्या आणि टोपलीत भरून ती वाहत्या पाण्यात ठेवायची. कडूपणा पाण्यासोबत निघून जाईपर्यंत काढायची नाही. आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी मामाने टोपली घरामागच्या ओढ्यात दगडाला बांधली होती. दुसऱ्या सकाळी पाड्यावरून निरोप आला, मामाची ती आये वारली. मामा आणि मामी दोघं निघाले. निघताना मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाच्या, टोपली उद्या सकाळपरेंत पाण्यात राहू दे. यंदाचा कंद लय कडू हाय. मी येईपरेंत हात नको लावू.” मी बरं म्हणालो.

दुपारी सासऱ्यांनी सहज म्हटलं की उद्या पहाटेच निघायचं आहे, म्हणजे मामांचा कंद काही आमच्या नशिबात नाही. ते हसून म्हणाले होते, त्यात तक्रार नव्हती. पण अविनाशने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “दाजी, नुसतंच वर्णन होतं तर.” एवढ्यावर मी उठलो आणि ओढ्यावर गेलो.

एक चकती जिभेवर ठेवून पाहिली. कडू होती. मनाशी म्हटलं, नावच कडूकंद, थोडा कडू असणारच. दोनदा पाणी बदलून पिळून घेतला, गूळ आणि खोबरं घातलं, मीठ घातलं. सुजाताने विचारलं, मामा येऊ देत ना? मी म्हटलं, झालाय तो, मामानेच सांगितलंय. खोट्याची सुरुवात तिथे झाली, ओट्यावर नाही.

स्वराने पहिला घास थुंकून टाकला. “बाबा, कडू आहे.” मी तिच्यावर ओरडलो, पाहुण्यांसमोर नाटकं नकोत म्हणून. अविनाशने दोनतीन घास खाल्ले. मी आणि सुजाताने थोडाच खाल्ला. सासऱ्यांनी पान स्वच्छ केलं. आयुष्यभर मुलांना पानात टाकू नका असं शिकवलेला माणूस, त्यात जावयाच्या मामाचं घर. नंतर पाणी मात्र सारखं मागत राहिले.

मामा-मामी परतले तेव्हा सासरे ओट्यावर आडवे होते. उलट्या थांबत नव्हत्या. तोंडाची आग होत होती, डोळे मिटत चालले होते. अविनाश पण भिंतीला धरून ओकत होता. मामाने एकदा ताटांकडे पाहिलं. त्याच्या अंगावरचे कपडे ओले होते, अंत्यविधीहून आलेला, अजून घरात पाऊल ठेवलं नव्हतं. त्याने विचारलं, “टोपली कोणी काढली?”

सुजाता माझ्याकडे बघत होती. अविनाश माझ्याकडे बघत होता. मी मामाला जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. म्हटलं, “मामा, तुम्हीच सांगितलं होतं ना, झालाय म्हणून?”

मामीने तोंड उघडलं होतं. मामाने तिच्या दंडाला धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावर पडलेल्या माझ्या सासऱ्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. भाच्याचं सासर समोर उभं होतं, आणि भाच्याचं तोंड सासरच्यांसमोर खाली होऊ द्यायचं नसतं, एवढंच त्याने मनात धरलं असावं. म्हणाला, “व्हय. माझ्याच हातनं चूक झाली.”

हे शब्द सगळ्यांनी शेवळ्यांच्या गोष्टीत ऐकलेलेच होते.

सासऱ्यांना शहापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. मामा बाहेर बाकावर बसून होता. आत जायची त्याची हिंमत झाली नाही, किंवा अविनाशने जाऊ दिलं नाही. सासरे बरे होऊन घरी गेले, पण तब्येतीने उभारी धरली नाही. उन्हाळ्यात ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मला आजही नक्की माहीत नाही. मी डॉक्टरांना पुन्हा कधी विचारलं नाही, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी मला झेपलं नसतं.

तेराव्याला मामा जुन्नरला आला. कोणी बोलावलं नव्हतं. एसटी बदलत बदलत घाट चढून आला. मंडपात शेवटच्या पंगतीत बसला. वाढपी पत्रावळीवर मीठ वाढून पुढे गेला, तेवढ्यात अविनाश कोणाला तरी सांगत होता, मुद्दाम ऐकू जाईल असं, की बाबा त्या दिवाळीपासून उठलेच नाहीत, ह्यांच्या हातचं खाल्लं आणि संपले. मामा उठला. पाटावरून उठताना त्याने हाताने ती पत्रावळ हळूच पुढे सरकवली, वाया जाऊ नये म्हणून. मी समोरच्या रांगेत होतो, तिथे वाढून झालं होतं. मी खाली बघून वरणभात कालवत राहिलो.

त्यानंतर नात्यात ते वाक्यच झालं. जानूच्या हातचं खाऊ नका. मावशी म्हणायची, शहापूरचे नातलग म्हणायचे. पण मामा यायचं थांबला नाही, आणि त्यातच सगळं वाईट होतं. पुढच्या दिवाळीला तो आला. चपला रस्त्याकडे फिरवून मागच्या दाराने आत आला आणि सागाच्या पानातली पुडी सुजाताच्या हातात दिली. साधे करांदे होते, आमच्या भागात दिवाळीत घरोघर उकडतात ते कंद. ती हसून हो म्हणाली. आम्ही जेवलो. करांदे पानात आले नाहीत. मामाने विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी तो परसात दात घासत होता. कुंपणाच्या कडेला पान उघडं पडलं होतं आणि कोंबड्या करांदे टोचत होत्या. मी खिडकीतून पाहिलं. मामा तोंडात बोट धरून तसाच उभा होता. मग त्याने चूळ भरली, अंघोळ केली, आणि आठवडाभर राहणारा माणूस त्याच सकाळच्या गाडीने गेला.

पुढच्या वेळी तो पुढच्या दाराने आला. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला. खिशातून ग्लुकोज बिस्किटाचा एक पुडा काढून त्याने टीपॉयवर ठेवला. स्वराला म्हणाला, घे बाय. सुजाताने चहा केला, पुडा फोडून बशीत बिस्किटं मांडली. सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. मामाने नुसता चहा घेतला.

मग तो यायचाच बंद झाला. आई शेवटच्या आजारात दर दिवाळीला दाराकडे तोंड करून पडायची. जानू का येत नाय रे, विचारायची. मी सांगायचो, वय झालंय त्याचं. ती त्याच समजुतीत गेली. अंत्ययात्रेला मामा आला होता, लांब आंब्याखाली उभा राहिला आणि आमच्या घरचं पाणीही न पिता गेला.

गेल्या वर्षी कळलं की मामाच्या तोंडात गाठ आहे. गालात, जिथे तो तंबाखू धरायचा तिथेच. मुंबईला ऑपरेशन झालं, जिभेचा भागही गेला. मी हॉस्पिटलात जात होतो, औषधं आणत होतो. नाकातल्या नळीने त्याला पातळ काहीतरी जायचं. एके दिवशी तो झोपला आहे असं बघून मी मामीला बाहेर पायरीवर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. मामी, त्या दिवाळीत… ती मध्येच म्हणाली, “बिस्कुटं आणलीस का?”

मला समजलं नाही.

“ओळख नाय तिथं बिस्कुटं नेतात, तुझा मामा सांगायचा. मला वाटलं आणली असशील.” मग ती म्हणाली, “मला नको सांगू. मी त्या दिवशी तिथंच व्हते. मामाला पण नको सांगू, त्याला ठाऊक हाय. आख्ख्या जन्मात त्यानं मला एकदाच गप केलं, ते तुझ्यासाठी. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग. जमत असलं तर.”

ते जमायला मला या दिवाळीपर्यंत वेळ लागला.

मी बाकीच्यांच्या दोन दिवस आधी मामाच्या घरी गेलो. मामा ओट्यावर खाटेवर असतो. गालाला खड्डा, मान वाकडी. बोलतो ते फक्त मामीला कळतं. मी कंद खणून आणले, त्याच्यासमोर बसून राख घालून उकडले, त्याच्याच शंखाने चकत्या काढल्या. चकती जाड झाली की तो खाटेच्या कडेवर बोटाने टकटक करायचा. टोपली ओढ्यात बांधून आलो. दुसऱ्या सकाळी काढायला निघालो तर त्याने हात आडवा हलवला. नाही. मी टोपली राहू दिली. त्याच्या पुढच्या सकाळी त्याने मान हलवली.

सुजाता, स्वरा आणि अविनाश दुपारी आले. अविनाशला मी खोटं कारण देऊन बोलावलं नव्हतं. मामाचे शेवटचे दिवस आहेत आणि मला तुम्हाला एक सांगायचं आहे, एवढं सांगितलं होतं. तो आला, पण ओट्यावर चढला नाही, पायरीवर बसला. मी सगळ्यांसमोर पानं मांडली. नुसता मीठ लावलेला कंद वाढला. मामाच्या खाटेजवळ एका सागाच्या पानावर थोडा ठेवला. त्याला खाता येणार नव्हतं. त्याने ते पान नाकाशी नेलं आणि तिथेच धरून ठेवलं.

मी म्हटलं, पहिला घास आज माझा. खाल्ला. त्यात कडूपणा नव्हता. मामाने तळहात उंच धरला, थांबा. चंची आता घरात नव्हती. तो रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवत राहिला, जुन्या सवयीने. बराच वेळ. मग त्याने हात खाली केला.

सुजाताने पानाकडे हात नेला. मी तिला थांबवलं आणि सांगितलं. टोपली मी काढली होती. मामाने नको म्हटलं होतं. कडू लागला होता तरी मी वाढला. स्वराने सांगितलं तेव्हा तिला गप्प केलं. आणि मग ओट्यावर, इथेच, मामाला अहोजाहो करून खोटं बोललो.

स्वरा रडायला लागली. सुजाताने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, “मी करांदे फेकले होते. त्यांनी बघितलं होतं ना?” मी हो म्हटलं. अविनाशने पायरीवरूनच मान वळवली. म्हणाला, “बाबांनी पूर्ण पान संपवलं होतं, दाजी. तुमचं मन राखायला.” एवढंच. उठून तो खाली गाडीत जाऊन बसला.

मामाने मामीकडे पाहून काहीतरी आवाज केला. मामी आत गेली. खुंटीवरची ती हिरवी पिशवी घेऊन आली, तिच्या कडा उसवलेल्या होत्या. तिने कंद सागाच्या पानात बांधला, पिशवीत घातला आणि गाडीपाशी गेली. काच खाली यायला वेळ लागला. मग एक हात बाहेर आला आणि त्याने पिशवी घेतली. अविनाशने तो खाल्ला की वाटेत घाटात टाकला, मला माहीत नाही. विचारायचा अधिकार मला नाही.

सुजाताने आणि स्वराने खाल्लं. मामा पान नाकाशी धरूनच होता, डोळे मिटलेले, त्यांतून पाणी येत होतं की ते नेहमीचंच होतं, मला कळलं नाही. मामी परत येऊन उंबऱ्यात उभी राहिली. मी खाटेपाशी जमिनीवर बसलो आणि त्याचे पाय धरले. ते गार होते. मला जे म्हणायचं होतं ते मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.

“मामा, तुझ्या हातनं चूक झाली नव्हती. माझ्या हातनं झाली. मला माफ कर.”